तीनशे चारच्या ओळी

आपलं पान रोज चारशे माणसं बघतात, असं मी चेअरमनना सांगितलं होतं. हे धादांत खोटं होतं. ते खोटं आहे हे मलाही माहीत नव्हतं, एवढीच माझ्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट.

हे आठवायचं कारण माझी नात. परवा तिने तिच्या रांगोळ्यांच्या वेबसाइटचे आकडे मला फोनवर दाखवले. रंगीत गोल, वर चढणारी रेघ, खाली ‘आज इतके लोक आले’. मी विचारलं, "हे कोणी मोजलं?" ती म्हणाली, "आपोआप मोजलं जातं, आजी." मी हसले. ती चिडली. तिला वाटलं मी रांगोळ्यांना हसतेय. मी हसत होते अठ्ठेचाळीस वर्षांच्या एका बाईला, जिच्या टेबलामागे संगणकाच्या कोर्सचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून टांगलेलं होतं आणि जिला असंच वाटायचं की आकडा आहे म्हणजे कोणीतरी नीट मोजलं असणार.

ती बाई म्हणजे मीच. सातपाटीतल्या मच्छीमारांच्या एका सोसायटीत मी कारकून होते. आमच्या घरात दीर बोटीवर, मोठी जाऊ बोंबील सुकवायची नि पालघरच्या बाजारात विकायची, आणि आमचे हे बोईसरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात. सोसायटीत संगणक आला तेव्हा तो उघडायला कोणी धजेना, म्हणून तो माझ्याकडे आला. पुढे वेबसाइट काढायची टूम निघाली, तीही माझ्याकडे आली. तिच्यावर चेअरमनांचा फोटो होता, बंदराचा फोटो होता, पुन्हा चेअरमनांचा फोटो होता. पण लोकांच्या उपयोगाचं असं एकच पान होतं. त्यावर पंधरवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि वर एक ओळ हवेची. हवेत बदल होणार असेल तर सकाळी दहाला मी ती ओळ बदलायची, नसेल तर आठ-आठ दिवस तशीच ठेवायची.

आधी हे सगळं सोसायटीच्या बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहावं लागे. मला खडूची शिंक यायची. तेवढ्यासाठी सुद्धा मला ते पान हवं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या एका ओळीची किंमत ज्यांनी बोंबील सुकवलेत त्यांना कळेल. बांबूच्या मांडवावर दोऱ्या, त्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. दोन-तीन दिवस कडक ऊन आणि वारा मिळाला की सोनं. अर्धवट सुकलेल्यावर पावसाची एक सर आली की लिबलिबीत होतात, वास मारतात आणि खतात जातात.

तर चारशे. तो आकडा मी काढला तो असा. वेबसाइट ज्या सर्व्हरवर होती तो सर्व्हर बोईसरला नवापूर रस्त्यावर एका संगणकवाल्याच्या ताब्यात होता. उत्तरेकडचा माणूस, दुकानात एक पंखा, आणि मशीन थंड राहावं म्हणून तो पंखा मशीनकडे तोंड करून. गिऱ्हाईक घामाने भिजलं तरी चालेल. सर्व्हर आपली एक हजेरी ठेवतो, तिला लॉग म्हणतात. कोणी काही मागितलं की एक ओळ पडते. किती वाजता मागितलं, कुठल्या पत्त्यावरून, कसल्या फोनवरून, काय मागितलं आणि सर्व्हरने काय उत्तर दिलं. उत्तर आकड्यात असतं. दोनशे म्हणजे दिलं, चारशे चार म्हणजे सापडत नाही. ही फाइल मी दर महिन्याला पेन ड्राइव्हमध्ये घेऊन यायची. ओळी मोजल्या, दिवसांनी भागल्या, चारशे आले. चेअरमनना सांगितलं. त्यांनी ते एका सत्कारात सांगितलं. त्यांच्या बाईसाहेबांनी घरी शिरा केला.

पुढच्या खेपेला मी बोईसरवाल्याला ऐटीत म्हटलं, "रोज चारसौ आदमी आता है."

तो मशीनवरची धूळ पुसत म्हणाला, "मैडम, आदमी नहीं, लाइन. आपके पन्ने पे फोटो कितने हैं?"

मी मोजले. अकरा होते.

"तो एक आदमी आया, बारा लाइन पड़ी. एक पन्ने की, ग्यारह फोटो की." मग फडकं झटकून, "उसमें दो फोटो एक ही साहब के हैं."

म्हणजे चेअरमन रोज स्वतःलाच दोनदा मोजून घेत होते. परतीच्या एसटीत मी फोटोंच्या ओळी मनातल्या मनात खोडत आले. ऑफिसात पोचल्यावर खरोखर खोडल्या. रोजचे पस्तीसेक उरले. इथे शहाण्या माणसाने थांबायचं. पण मी कोर्स केलेली होते. उरलेल्या ओळींत पुष्कळशा ठिकाणी उत्तर दोनशे नव्हतं, तीनशे चार होतं. चारशे चार म्हणजे चूक, हे मला पाठ होतं. तीनशे चार त्याच्या शेजारच्याच घरातलं दिसत होतं. मी कोणाला न विचारता ठरवलं की ही धाकटी चूक आहे. लाल पेनने सगळ्या तीनशे चारच्या ओळी उडवल्या.

नऊ उरले. त्या नवांत तीन गूगलसारख्यांची यंत्रं होती, जी वाचत नाहीत, नुसती फिरतात. एक मी होते. पाच.

मी प्रामाणिक होते, हे त्या बाईचं आणखी एक दुखणं. गप्प बसायचं सोडून मी चेअरमनना जाऊन सांगितलं.

चेअरमनांनी चष्मा काढला. "पाच?"

"हो साहेब."

"चारशेचे पाच? बाकीचे काय बुडाले?"

"ते आधीच नव्हते, साहेब."

"मी भर सत्कारात सांगितलंय चारशे." त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "पाच माणसांसाठी वेबसाइट नको. पाच माणसांना मी स्वतः हाका मारून सांगेन. दिवाळीनंतरच्या सभेत मला खरा आकडा द्या. असाच असला तर बंद करू. फळा आहेच."

फळा खरंच होता. शिपायाने त्याच दुपारी तो ओल्या फडक्याने पुसून ठेवला.

मला झोंबलं ते वेगळंच. बाजारात, बंदरावर, लग्नात, जिथे जावं तिथे लोक पानाबद्दल बोलत. "तू लिवतस ना गो ती ओळ?" घिवलीकडची एक बाई मला म्हणाली, तिच्या भावकीत सगळे बघतात. आमचे हे जेवताना सांगायचे, "ऑफिसात सातपाटीचे तीस जण आहेत. डबा खाताना सगळे भरती बघतात. संध्याकाळी गळ टाकायला जायचं असतं ना." महिन्याचा लॉग आणला की मी बघायची, तर त्या कारखान्याची रोजची ओळ एक. तीस माणसांची ओळ एक. मी ह्यांच्यावर खेकसले, "तुम्ही थापा मारता." ते म्हणाले, "तुझं यंत्र थापा मारतंय." दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं, एका ओळीवरून.

जावेला विचारलं, "वैनी, तुम्ही कधी बघता हो पान?"

"रोज बगतो की आमी."

"रोज? मग तुमची ओळ का नाही पडत?"

"कसली ओल?" ती म्हणाली. "पान काय माज्या बापाचं हाय, ओल पाडाया?"

मी पुन्हा बोईसर गाठलं. त्या दिवशी कारखान्यांच्या बाजूने नाक झोंबणारा वास येत होता आणि माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "तुम्हारा लॉग झूठ बोलता है."

त्याने मला स्टूल दिलं. "मैडम, लॉग उतना ही बोलता है जितना उसके पास आया. पन्ना एक बार फोन में गया, तो फोन कॉपी रख लेता है. छे घंटे तक वही दिखाएगा. जब पन्ना उसकी जेब में है, तो वो मेरे पास क्यों आएगा?"

"और कारखाना?"

"उनके ऑफिस में भी एक मशीन कॉपी रखती है. पहला आदमी माँगता है, बाकी उनतीस को वही मशीन दे देती है. मुझे तो पहला ही दिखेगा."

"ये छे घंटे किसने रखा?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. "आपने. आपने ही बोला था, लोगों का नेट बचना चाहिए."

मीच बोलले होते. त्यावेळी मला लोकांच्या नेटची फार काळजी होती. आता मला फक्त आकड्याची होती. मी स्टुलावरून उठून हुकूम दिला, की आजपासून कोणी कॉपी ठेवायची नाही. फोनने नाही, कारखान्याने नाही. ज्याला बघायचंय त्याने दर वेळी सर्व्हरकडेच यायचं.

"मैडम, सोच लीजिए. नेटवर्क नहीं होगा तो पन्ना खुलेगा नहीं."

"आजकल सबके पास नेटवर्क है," असं ती प्रमाणपत्रवाली बाई म्हणाली. ऑफिसात तिच्या टेबलाला इंटरनेटची वायर होती.

त्याने केलं, आणि लॉगही रोज संध्याकाळी ईमेलने पाठवू लागला. आणि आकडा चढला. दुसऱ्या दिवसापासून चढला. कारखान्याच्या तीस ओळी पडल्या, मी ह्यांची माफी मागितली. सकाळची गर्दी, दुपारची गर्दी. मजा म्हणजे संध्याकाळी चार-साडेचारला एक नवीनच गर्दी दिसू लागली. मी तिला नावसुद्धा दिलं, ‘सायंकालीन वाचक’. स्केचपेनने आलेख काढला, सायंकालीन वाचकांना हिरवा रंग दिला. दहा दिवसांत तो कागद भरत आला.

आता जाऊ पान बघायची कशी, ते सांगायला हवं. मी एकाच घरात राहून ते कधी बघितलं नव्हतं. ती सकाळी म्हावरं घेऊन पालघरच्या बाजारात जायची. तिथे नेट चांगलं. विकून झालं की दुपारी उठायच्या आधी ती फोन काढायची, पान उघडायची, उघडलंय एवढं बघायची आणि फोन कमरेच्या पिशवीत टाकायची. वाचायची नाही. बारीक अक्षर तिला दिसत नव्हतं आणि चष्मा ती लावत नव्हती. चार वाजता किनाऱ्यावर मांडवापाशी आली की फोन दुसरीच्या हातात द्यायची. तिथे नेटवर्क येत नाही, आलं तर एक रेघ येते आणि जाते. पण पान फोनमध्ये असायचं. ज्या बाईला वाचता यायचं ती मोठ्याने वाचायची, सात-आठ जणी ऐकायच्या आणि ठरवायच्या की माल आज टांगलेला ठेवायचा की उतरवायचा. ह्याला त्या ‘पान भरून आणणं’ म्हणायच्या. विहिरीवरून पाणी भरून आणावं तसं.

आणि मी त्यांच्या हंड्याला भोक पाडलं होतं.

सभेला आठवडा होता. दिवाळी होऊन गेली होती, आकाश निळं, कोणाला पावसाची आठवणही नव्हती. हवेचा अंदाज आला तो बघून मी सकाळी दहाला ओळ बदलली. ‘उद्या पहाटे सरी येण्याची शक्यता. वाळत घातलेला माल आज संध्याकाळीच उतरवून झाकावा.’ शब्द अजून पाठ आहेत. त्या दिवशी संध्याकाळच्या ओळी नेहमीपेक्षा जास्त पडल्या. मी खूश झाले. लोकांना ओळीची कदर आहे, असं वाटलं.

पहाटे पाऊस आला. जेमतेम अर्धा तास. जाऊ मांडवाकडे धावली तेव्हा मी चहा करत होते. मला वाटलं ती उगाच धावतेय, माल तर कालच उतरवलेला असणार.

दहा वाजता ती सोसायटीत आली. डोक्यावर टोपली होती. ती तिने माझ्या टेबलावर ठेवली, आलेखाच्या वर. पाणी गळून हिरवा रंग पसरला.

"हे काय, वैनी?"

"बोंबील. वलकत नाय काय?"

"पण मी लिहिलं होतं..."

"कुठं लिवलं होतंस? मना दाखव." तिने फोन पुढे केला. "काल बाजारात पान भरलं. मांडवावर आणलं. पांढरं. दाबलं, पांढरं. हिला दिला, तिला दिला, सगल्यांनी दाबून बगितलं. पांढरं फटक. मग आमी बोललो, काय लिवलं नाय म्हंजे पाऊस नाय. लिवनारी घरचीच हाय, पाऊस असता तर बोलली असती."

मी टोपलीखालून आलेख ओढून काढला.

"आठ-दहा दिस असंच होतंय," ती म्हणाली. "मना वाटलं फोन खराब झाला. पोराला बोलली, नवीन फोन दे. तो माज्यावर हसला."

"घरी मला का नाही सांगितलंत?"

"तू घरात बोलतस कुठं. कागदावर रेगोट्या मारत बसतस." मग टोपली तशीच ठेवून ती गेली. दारातून वळून म्हणाली, "सात जनींचा माल गेला. मी येकटी असती तर गप बसली असती."

टोपलीचा वास दुपारपर्यंत ऑफिसभर झाला. शिपाई दोनदा येऊन उचलू का म्हणाला, मी राहू दे म्हटलं. आदल्या दिवसाचा लॉग पुन्हा उघडला आणि सायंकालीन वाचक शोधले. चार दहा ते चार पंचवीस. चौदा ओळी. एकच फोन, एकाच बनावटीचा, जुना, ज्याच्या काचेला कोपऱ्यात तडा आहे हे मला लॉगशिवाय माहीत होतं. ती मागणी रेघभर नेटवर्कवरून सर्व्हरपर्यंत पोचत होती, सर्व्हर उत्तर देत होता, आणि ते उत्तर मांडवापर्यंत पोचायच्या आत नेटवर्क जात होतं. हजेरीत ओळ पडत होती. जावेच्या हातात पांढरं पान राहत होतं. मी तिचं चौदा वेळा बोट दाबणं हिरव्या रंगाने भरून भिंतीवर लावणार होते.

बोईसरला गेले ती भांडायला म्हणून गेले आणि भांडायला माणूसच उरला नाही, कारण त्याने आधीच सांगितलं होतं. त्याने सहा तासांची कॉपी परत चालू केली. मग माझ्या फायली चाळत त्याने विचारलं, "ये लाल पेन से क्या काटा है?"

"तीन सौ चार. गलती वाली लाइन."

त्याने डोळे मिटले. "मैडम, तीन सौ चार गलती नहीं है. फोन पूछता है, मेरे पास कल वाला पन्ना है, कुछ बदला क्या? सर्व्हर बोलता है, नहीं बदला, वही देख लो. वो तीन सौ चार है. ये तो आपके रोज वाले लोग हैं."

मी लाल रेघा बघत बसले. हे मला खरं म्हणजे कोणी शिकवायला नको होतं. सातपाटीची म्हावरेवाली रोज ठरलेल्या दारांत जाते. "हाय का कालचं?" "हाय ग, आज नको." ती पुढे जाते. ते घर तिचं गिऱ्हाईकच असतं, मुख्य गिऱ्हाईक. ज्या दारात टोपली उतरली तेवढीच घरं माझी, बाकीची नाहीत, असं म्हणणारी बाई दोन दिवस धंदा करू शकणार नाही. मी सोसायटीत खुर्चीवर बसून तेच केलं होतं. पान आठ-आठ दिवस बदलत नव्हते आणि रोज येऊन विचारणाऱ्यांना लाल पेनने हाकलत होते. नऊ उरले होते ते रस्ता चुकून आलेले.

"लेकिन जो कॉपी देख लेते हैं, पूछते ही नहीं, उनका क्या?" मी विचारलं.

"पन्ने की कॉपी रहने दो. पन्ने में एक छोटा बिंदी रख दो, फोटो की तरह. बिंदी की कॉपी मना. जब भी पन्ना खुलेगा, फोन बिंदी माँगेगा. नेट है तो लाइन पड़ेगी. नेट नहीं है तो बिंदी नहीं आएगी, पन्ना फिर भी खुलेगा."

इतकं सोपं होतं. जे मोजायचं आणि जे लोकांना लागतं ते वेगळं ठेवायचं. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. तो म्हणाला, "आप ऑर्डर दे रही थीं."

टिकली बसवली. आता कारखान्याच्या मशीनने पान स्वतःकडचं दिलं तरी टिकली मागायला प्रत्येक फोन सर्व्हरकडे येत होता. मी ओळी मोजायच्या सोडून वेगवेगळे फोन मोजू लागले, म्हणजे कोणी चौदा वेळा दाबलं तरी एकच. चार दिवस मोजलं. रोज साठाच्या जरा वर. यंत्रं वगळून, मला वगळून.

आणि तरीही ते खरं नव्हतं. पाचव्या दिवशी चार वाजता मी मांडवावर जाऊन बसले. जावेने माझ्याकडे बघितलं नाही. तिचा फोन तिने बाहेरही काढला नाही. दुसऱ्या एका बाईने बाजारातून पान भरून आणलं होतं, ते उघडलं, वाचलं गेलं, आठ जणींनी ऐकलं. तिच्या फोनची दुपारची एक टिकली. मांडवावर एकही नाही. आठ जणी कुठल्याच हजेरीत नाहीत. मी घरी आले आणि ह्यांना म्हटलं, "हे कधीच नीट मोजता येणार नाही." ते म्हणाले, "मग सभेत काय सांगणार?" मी ताट जरा आपटूनच ठेवलं.

सभेला सात जण होते. खाली बर्फाचं मशीन घरघरत होतं. टेबलावर चहा, चेअरमनांसमोर माझा एकपानी कागद.

"किमान साठ," चेअरमनांनी वाचलं. "किमान म्हणजे?"

"साठांच्या खाली नक्की नाही, साहेब. वर किती ते सांगता येत नाही."

"मागच्या वेळी चारशे म्हणालात. मग पाच. आता किमान. बाई, तुम्ही माणसं मोजता की तारे?"

सगळे हसले. मीही हसले असते, पण मला रडू येत होतं.

"मला एक आकडा द्या. साठ की एकसष्ट?"

"एक आकडा दिला तर तो खोटा असेल, साहेब. मी दोनदा खोटा दिलाय."

"मग बंद करू या," ते म्हणाले, फार वाईट न वाटून घेता. कागद बाजूला सारला आणि पुन्हा ओढला. "बरं, हे साठ मला धरून का?"

"तुम्ही बघता, साहेब?"

"म्हणजे काय. रोज बघतो. सकाळी पहिलं तेच." त्यांनी खिशातून फोन काढला आणि पान माझ्यासमोर धरलं. भरती, ओहोटी, हवेची ओळ, सगळं होतं.

मी ते बोटाने वर सरकवून बघितलं. सरकेना. वर डाव्या कोपऱ्यात घड्याळ होतं, सकाळचे सव्वासात. आत्ता दुपारचे तीन वाजले होते.

"साहेब, हे पान नाही. पानाचा फोटो आहे."

"सूनबाई पाठवते. घरच्या ग्रुपवर. आम्ही अकरा जण आहोत."

"मग तुम्हाला सोडून."

"काय?"

"साठ आहेत ते तुम्हाला सोडून. सूनबाई आहेत. तुम्ही नाही. ग्रुपवरचे बाकीचे नऊही नाहीत."

चेअरमनांनी फोनकडे बघितलं, मग कागदाकडे. "मी रोज बघतो," ते हळू म्हणाले. "मी धरलेलाच नाही?"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका सभासदाने हळूच आपला फोन काढला. मग दुसऱ्याने. माझ्यासमोर पाच फोन आले. तिघांकडे फोटो होते. एकाकडे पान होतं, पण तो फोनच बायकोचा होता. पाचव्याने पान कधी उघडलंच नव्हतं, त्याला शेजारी ओरडून सांगायचा.

"चूक आहे ही," चेअरमन शेवटी म्हणाले. माझी की लॉगची की सूनबाईंची, ते त्यांनी सांगितलं नाही. पण आपण स्वतः ज्यात नाही अशा आकड्यावरून ते काही बंद करायला तयार होईनात. सभेच्या नोंदीत माझ्याच हस्ताक्षरात आहे, ‘पान चालू ठेवावे. वाचक रोज किमान साठ, चेअरमन वगळून.’ फळा शिपायाने घरी नेला, त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार हवं होतं.

मी पेढे वाटले नाहीत. शिराही केला नाही. घरी आल्यावर जावेला सांगितलं, "वैनी, पान राहिलं. आता पूर्वीसारखं मांडवावरही उघडतं. बाजारातून भरून आणा."

ती बोंबलांना मीठ लावत होती. "नको गो बाय," ती म्हणाली. "येक वेल पांढरं झालं, परत हुईल."

"होणार नाही. मी सांगते ना."

"मंग तूच सांग की."

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता बाजारातून तिचा फोन आला. मागे पालघरचा कालवा. "लिवलंस काय?"

"लिहिलंय, वैनी. तुमच्या फोनवरच आहे. उघडा."

"तू वाच."

मी वाचलं. तिने ऐकलं, बरं म्हणाली आणि ठेवला. चार वाजता मांडवावर तिने ते सात जणींना सांगितलं असणार.

तेव्हापासून किती वर्षं झाली. मी निवृत्त झाले, ती ओळ आता दुसरीच कोणी लिहिते. बोईसरवाल्याने दुकान मोठं केलं, पंखा अजून मशीनकडेच आहे. जाऊ आता चष्मा लावते, नवा फोन आला, पान त्याच्यावर सुरेख उघडतं. मी स्वतः तिला दहा वेळा उघडून दाखवलं. ती बघते, छान हाय म्हणते, आणि दुपारी बारा वाजता मला फोन करते. मी पान उघडते आणि तिला वाचून दाखवते.

त्याची एक ओळ रोज लॉगमध्ये पडते. ती माझ्या फोनची असते.